केसभर फट

पंपघर आणि घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीला आवाज होता. टिक, टिक, टिक, एकसारखा. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा आधी तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे. आता त्या आवाजाशिवाय झोप येईल की नाही याचीच तिला शंका होती. तिच्या लेकीला, चिमीला, तर पोटात असल्यापासून त्याची सवय. भिंतीला लागून पाळणा ठेवला की पोर दोन मिनिटांत गपगार.

वस्ती बंधाऱ्याच्या आतली, नदीच्या पातळीपेक्षा खाली. गल्ल्यांतलं सांडपाणी आणि जमिनीतून झिरपणारं पाणी एका मोठ्या हौदात जमायचं, आणि पंप ते उचलून बंधाऱ्यापलीकडे नदीत टाकायचा. पंप थांबला की पाणी आल्या वाटेने परत. सगळ्यात खोलगट जागा म्हणजे पंपघर, आणि त्याला चिकटलेलं त्यांचं घर. जोडीचं दुसरं इंजिन कधीकाळी दुरुस्तीला गेलं होतं, ते गेलं ते गेलंच. राहिलं हे एक दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. तिचे सासरे आयुष्यभर ते चालवत आले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, घरातलेसुद्धा. आता ते नवऱ्याच्या ताब्यात होतं. मिस्त्री जाऊन फार काळ लोटला नव्हता. त्यांचा सदरा अजून दारामागच्या खुंटीवर होता आणि तो काढायची कोणाची छाती होत नव्हती.

मिस्त्रींना हाक मारायचा कंटाळा. काही हवं असलं की ते पलीकडून पान्याने भिंतीवर दोनदा ठोकायचे. त्या दोन ठोक्यांत चहाही असायचा, जेवणही, आणि ‘पोराला पाठव’ हेही. कशासाठी ठोकलंय ते सासूबाईंना बरोबर कळायचं. म्हणून मिस्त्री गेल्यावर भिंतीतली टिकटिक वाढली आणि जोडीजोडीने यायला लागली, टिक-टिक, जराशी उसंत, पुन्हा टिक-टिक, तेव्हा सासूबाईंनी मान हलवली आणि म्हटलं, "हाक मारतायत."

"आई, इंजिनातलं टॅपेट वाजतंय," नवरा म्हणाला.

"तुझं टॅपेट असेल. मला माझं माणूस कळतं."

सूनबाईने यात तोंड घातलं नाही. ती शिकलेली होती, पदार्थविज्ञान घेऊन पदवीपर्यंत गेलेली, आणि भिंतीतून मेलेलं माणूस हाक मारत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण बाळंतपणापासून तिचा स्वभावच बदलला होता. पोर रडलं तर ती उठायची, आणि रडलं नाही तर दुप्पट घाईने उठायची. झोपलेल्या चिमीच्या नाकाखाली बोट धरून बसायची. नवरा थट्टा करायचा, "अगं, तिला श्वास घेऊ दे, मध्ये बोट घालून अडवू नकोस."

टिकटिक वाढत गेली तशी वस्तीतली तोंडंही सुटली. वाण्याच्या दुकानासमोर कोणीतरी म्हणालं, "काय रे, तुझ्या इंजिनाला उचकी लागलीय का? कोण आठवण काढतंय?" दुसरा म्हणाला, "मिस्त्री होते तोवर कसं लोण्यासारखं चालायचं." नवरा घरी आला तो तोंड पाडून. जेवला नाही. मिस्त्रींचा लांब पेचकस घेऊन तडक पंपघरात गेला.

चिमीला कडेवर घेऊन ती दारात उभी राहिली. नवऱ्याने पेचकसाचं टोक रॉकरच्या झाकणावर टेकवलं, लाकडी मूठ कानाच्या पाळीमागे दाबली आणि डोळे मिटले. डॉक्टर छाती तपासतो तसं. मग टोक थोडं सरकवलं, पुन्हा ऐकलं.

"पुढचा सिलिंडर. धूर बाहेर सोडणारा, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह दाबून उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात फट असते. ती वाढली की रॉकर हातोडीसारखा आपटतो."

"इंजिन तर इतकं भराभर फिरतंय. आवाज सावकाश कसा?"

"दोन फेऱ्यांत व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणून निम्म्या चालीने वाजतो. टॅपेट ओळखायची खूणच ती. ये, ऐक."

तिने मूठ कानाला लावली.  इथे, इंजिनापाशी, आवाज एकसारखा होता. टिक. टिक. टिक. मध्ये कुठे उसंत नाही, जोडी नाही.

"घरात तर दोन-दोन ऐकू येतात," ती म्हणाली.

"घुमत असेल भिंतीतून."

असेल, तिने मनाशी म्हटलं. पदवीला ध्वनीचा एक पेपर होता खरा. पण भिंत आवाज मोठा करेल, लहान करेल. जोड्या लावून देईल असं काही त्यात आठवत नव्हतं.

नवऱ्याने इंजिन थांबवलं, झाकण काढलं. नुकतंच सुरू केलेलं इंजिन, जेमतेम कोमट झालेलं. फट मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्यांची मिस्त्रींची जुडी खिळ्याला टांगलेली होती. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. फटीचा स्क्रू जागेवर धरणारा लॉकनट सैल केला, पेचकसाने स्क्रू आवळत नेला, रॉकर बोटाने हलवत राहिला आणि हलायचा थांबल्यावरच हात थांबवला. मग नट घट्ट केला. त्याला फट नको होती. त्याला आवाज नको होता.

इंजिन पुन्हा धडधडायला लागलं आणि भिंत मुकी झाली.

वस्तीत त्याचं नाव झालं. "बापाच्या तोडीचा निघालास," असं दुकानासमोर ऐकून तो घरी शीळ घालत आला. पण घरात शीळ ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं. सासूबाई भिंतीशी पाट टाकून बसल्या होत्या, तळहात चुन्यावर ठेवून. "बोलेनासे झाले," एवढंच त्या म्हणाल्या. आणि चिमी झोपत नव्हती. रडत असती तर एक वेळ परवडलं असतं. ती पाळण्यात पडून भिंतीकडे टक लावून बघायची. पापणी लवायची नाही. तिच्या आईने खुळखुळा वाजवला, चुटकी वाजवली, तरी मान वळली नाही. ज्या जागी ती बघायची ती जागा माणसाच्या खांद्याच्या उंचीवर होती, आणि तिथे काहीच नव्हतं. चुन्याचा एक पोपडासुद्धा नाही.

"अहो, मला ही शांतता बरी वाटत नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"कमाल आहे तुझी. आवाज होता तेव्हा कटकट, गेला तेव्हाही कटकट. एकदा काय ते ठरव आणि मला सांग."

 तिचे कान तिकडेच लागलेले. बाळाच्या बाबतीत जे तिला कळून चुकलं होतं, तेच इथेही होतंय असं सारखं वाटायचं. आवाज असला की निदान काय चाललंय ते कळतं.

मग नदी चढली. वरच्या अंगाला कुठेतरी पाणी सोडलं होतं म्हणे. सकाळपासून धुकं इतकं की बंधाऱ्यावर उभं राहून नदी दिसत नव्हती, फक्त जवळ आल्यासारखी वाटत होती. नदी उंच झाली की पंपाला पाणी तेवढंच उंच चढवावं लागतं. इंजिनावर सगळा जोर आला.

दुपारी ती चिमीची दुपटी वाळत घालायला वर बंधाऱ्यावर गेली. धुक्यात काय वाळणार, पण सवय. इंजिनाचं धुराडं बंधाऱ्याला लागून वर आलं होतं. तिथे ती थबकली. एक भपका काळा, जोरकस. त्याच्यामागचा पांढुरका, दमलेला. पुन्हा काळा, पुन्हा दमलेला. आवाजही तसाच: एक धाड्, एक फुस्. एखादं माणूस एका पायाने लंगडत जिना चढावं तसा.

ती दुपट्यांसकट धावत खाली आली.

आणि उंबऱ्यात पाय ठेवताच तिने ऐकलं. टिक-टिक. उसंत. टिक-टिक.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "आले बघ," त्या म्हणाल्या. पाळण्यातली चिमी हसत होती, तोंडाचं बोळकं पसरून, त्याच रिकाम्या जागेकडे बघत.

 तिने पलीकडे जाऊन नवऱ्याला ओढतच आणलं. त्याने ऐकलं आणि आधी त्याचा चेहरा पडला. "पुन्हा सैल झालं वाटतं," म्हणत तो पेचकस घेऊन पंपघरात गेला. परत आला तेव्हा पेचकस हातात नुसता लोंबत होता.

"इंजिनात काही नाही," तो म्हणाला. "झाकणावर सगळीकडे लावून बघितला. टॅपेट मुकं आहे."

भिंतीत मात्र चालूच होतं.

त्याच्या हातातून तिने पेचकस घेतला.  भीती वाटली की ती काहीतरी मोजायला, तपासायला घ्यायची. नुसतं घाबरून बसणं तिला जमतच नसे. पेचकसाचं टोक तिने भिंतीला लावलं, मूठ कानाला. खिडकीपाशी आवाज बारीक. कोपऱ्यात जवळजवळ नाही. पाळण्याकडे येत गेली तसा मोठा. चिमी बघत होती त्या जागी टोक टेकवलं आणि तिला मूठ झटकन दूर करावी लागली. कानाच्या पडद्यावर कोणी पाना मारावा तसा ठोका बसला.

"या जागेच्या पलीकडे काय आहे?" तिने विचारलं.

त्याने नजरेने अंदाज घेतला.  "पुढचा सिलिंडर."

"मी वर धुराडं बघून आले. एक भपका नीट येतोय, एक नुसता फुसका." ती एकेक शब्द चाचपत बोलायला लागली. "टॅपेट वाजत होतं म्हणजे फट होती. फट होती म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बसत होता. तुम्ही फट ठेवलीच नाहीत. आता इंजिन तापलं, सगळं लोखंड वाढलं, आणि व्हॉल्व्ह बसतच नाहीये. उघडाच राहतोय. जळतोय तो."

 नवऱ्याचा हात नकळत डोक्याकडे गेला, चुकलेल्या पोराचा जातो तसा.

"बंद करा इंजिन," ती म्हणाली.

"वेड लागलंय? पाणी बघ किती आहे. बंद केलं आणि पुन्हा सुरू झालं नाही तर?"

"आपणहून बंद पडलं तर कधीच सुरू होणार नाही. मग काय चिमीचा पाळणा होडी करून वल्हवायचा?"

याच्यावर तो हसला नाही. तीही हसली नव्हती. तिने सासूबाईंकडे वळून चिमीला त्यांच्या हातात दिलं. "आई, बंधाऱ्यावर जा. वरच्या कट्ट्यावर बसा, आम्ही येईपर्यंत खाली येऊ नका."

"मी नाही जायची. ते मला बोलावतायत."

"तुम्हाला नाही, आई. कामाला बोलावतायत. कामाचं आम्ही बघतो, तुम्ही नात सांभाळा."

सासूबाईंनी भिंतीकडे एकदा बघितलं, मग पदराने चिमीचं डोकं झाकलं आणि निघाल्या.

दोघं पंपघरात गेले आणि नवऱ्याने खटका ओढला. इंजिन धापा टाकत थांबलं. आणि मग जी शांतता पसरली तिच्यात हौदाचं पाणी पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आलं, मोठं जनावर कुशीवर वळावं तसं. पायरीवरून पाणी आत यायला लागलं.

टिक-टिक. उसंत. टिक-टिक.

इंजिनाचा एक भागही हलत नव्हता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.  नवऱ्याने चिंधी धरून तापलेलं झाकण काढलं, चाक हाताने फिरवत आणलं आणि पुढच्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटतील तिथे थांबवलं. हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा रॉकर बोटाने हलवला तर किंचित वाजला. एक्झॉस्टचा ढिम्म हलेना. जबडा मिटलेल्या माणसासारखा.

"बरोबर बोललीस," तो हळूच म्हणाला.

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, बर्फासारखं. तिने खिळ्यावरची पट्ट्यांची जुडी काढली आणि बॅटरी पेटवून धरली. त्याने पाना लावून लॉकनट सैल केला, पाना कडेला ठेवला आणि तो घसरून पाण्यात पडला. "राहू दे, मग बघू," म्हणत त्याने पेचकसाने स्क्रू मागे घेतला. रॉकर सुटला तेव्हा स्प्रिंगने बारीक चीं केलं.

भिंतीतले ठोके जवळजवळ यायला लागले. टिक-टिक, टिक-टिक, टिक-टिक. घाई असल्यासारखे.

"पट्टी घाल," तो म्हणाला. इंजिनाबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात जी जाडी सांगितली होती ती पट्टी तिने फटीत सरकवली. अंगाला घासत, पण गेली. "बस. एवढीच लागते."

ठोके थांबले नाहीत.

"अजून थोडी," ती म्हणाली.

"अजून केली तर वाजेल."

"वाजू दे."

"अगं, लोक पुन्हा..."

"अहो, तुमचं पोर वर धुक्यात बसलंय. लोकांचं काय घेऊन बसलात?"

त्याने ओठ चावला. मग, कोणी कानात सांगावं तसा, सावकाश म्हणाला, "हा सिलिंडर जास्त तापतो. थंड पाणी याच्याकडे सगळ्यात शेवटी पोचतं. म्हणून मिस्त्री याला..." आणि वाक्य तिथेच सोडून त्याने स्क्रू आणखी केसभर मागे घेतला. तिने जाड पट्टी घातली. अलगद गेली, अलगद आली.

टिक.

त्याच्यापुढचा ठोका आलाच नाही. दोघं वाट बघत राहिले. फक्त पाणी चुबुकत होतं.

"धरून ठेव पट्टी तशीच," तो म्हणाला. "स्क्रू माझ्या हातात आहे, हलला तर सगळं मुसळ केरात. आता नट आवळायला पाना..." आणि त्याला आठवलं, पाना पाण्यात आहे. एका हाताने पेचकस दाबून धरत तो दुसऱ्या हाताने खाली चाचपायला लागला. सापडेना. हात वर घेतला आणि निदान बोटाने तरी थोडा फिरवून ठेवावा म्हणून त्याने नटाला चिमूट लावली.

मग तो तसाच वाकून राहिला.

"तू आवळलास?"

"काय?"

"नट."

"माझ्या एका हातात पट्टी आहे नि एका हातात बॅटरी. पाना पाण्यात आहे. मी कशाने आवळू, दातांनी?"

त्याने पेचकस उचलला. स्क्रू हलला नाही. त्याने नटाला अंगठा लावून जोर केला, अंगठा पांढरा पडला, नट जागचा हलला नाही. तिने पट्टी ओढून पुन्हा घालून बघितली. फट तिथल्या तिथे, केसभरही कमीजास्त नाही.

पाणी चाकाच्या कडेला टेकलं होतं. विचार करायला वेळ नव्हता आणि ते दोघांच्याही पथ्यावरच पडलं. त्याने झाकण बसवलं, तिने पट्ट्या कमरेला खोचल्या. सुरू करायचा दांडा त्याने लावला, तिने वरची कळ उचलून धरली, म्हणजे इंजिन हलकं फिरेल. तो फिरवत राहिला, फिरवत राहिला, चाकाने पाणी दोघांच्या अंगावर उडवलं. "सोड!" तिने कळ सोडली. इंजिन एकदा खोकलं आणि थांबलं.

"पुन्हा," ती म्हणाली. तिच्या पोटऱ्या पाण्यात होत्या.

त्याने पुन्हा दांडा फिरवला. या वेळी कळ सोडताच दांड्याला असा भार आला की तो जवळजवळ फेकलाच गेला. सिलिंडर दाब धरत होता. धाड्. उसंत. धाड्, धाड्, धाड्, दोन्ही पाय टाकत इंजिन चालायला लागलं, आणि पंपाने घशातून घोट घेतल्यासारखा आवाज करून पाणी ओढलं.

तिने पेचकस झाकणावर टेकवून ऐकलं. होता. टिक, टिक, टिक, एकसारखा, सुटा. मग ती घरात गेली आणि भिंतीला कान लावला. भिंतीतून इंजिनाची धडधड येत होती, तिच्या आत तो बारीक आवाज, तोही एकसारखा. जोडी नव्हती. उसंत नव्हती. तिला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी काहीतरी घरातून निघून गेल्यासारखंही वाटलं.

पाणी उतरायला संध्याकाळ झाली. पंपघराच्या जमिनीवर गाळाचा पातळ थर राहिला आणि त्यात पाना दिसला. नवऱ्याने तो उचलला, चिंधीने पुसला. इंजिन शांतपणे चाललं होतं, पण त्याची नजर रॉकरच्या झाकणावर होती.

"थांबवून एकदा तपासू का?" तो म्हणाला. "नट हाताने आवळला जाऊच शकत नाही. मध्येच सुटला तर?"

ती दारात उभी होती. तपासावं, हे तिच्या स्वभावाला धरून होतं. आजवर कुठलीही गोष्ट तिने दोनदा बघितल्याशिवाय सोडली नव्हती. तिने त्याच्या हातातला पाना पाहिला, आणि पलीकडची भिंत पाहिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "सुटायचा नाही तो."

 त्याने पाना जागेवर ठेवला, आणि दोघं चिमीला खाली आणायला धुक्यातून बंधारा चढायला लागले.